तेल-वायू शोधणाऱ्या कंपन्यांचे शेअर: निकालात नेमकं काय बघायचं?

तेरणाकाठ
सोयाबीन-तुरीचे पैसे हातात आले की आपल्याकडं दरवर्षी तीच चर्चा: एफडी, सोनं की शेअर. सध्या ग्रुपवर तेल कंपन्यांचं वारं आहे. लोकं ओएनजीसी घ्यायलेत, ऑइल इंडिया घ्यायलेत, आणि कुठल्यातरी बारक्या कंपनीला 'तेल लागलं' म्हणून रोज एक मेसेज फिरायलाय. डिव्हिडंड चांगला मिळतो, वर भाव वाढला तर तो वेगळा, असा हिशेब सांगतात.

मला या धंद्याचं गणित समजून घ्यायचंय. दोन लाख रुपये पाच वर्षांसाठी ठेवायचे असतील तर निकालात काय बघायचं, फसगत कुठं होते, बारक्या कंपन्यांच्या बातम्या कशा वाचायच्या? जाणकारांनी सविस्तर लिहावं. नुसतं 'घ्या' किंवा 'घेऊ नका' लिहून सोडू नका.

आडतकट्टा
दादा, आधी यादी निवडून घ्या. एचपीसीएल, बीपीसीएल, इंडियन ऑइल यांचा मुख्य धंदा तेल शुद्ध करून विकायचा. गेल वायू वाहून नेते. पेट्रोनेट एलएनजी बाहेरून आलेला द्रवरूप वायू उतरवून घेते. रिग (विहीर खोदायचं यंत्र) भाड्यानं देणाऱ्या कंपन्या वेगळ्याच, त्यांना दिवसाचं भाडं मिळतं, विहिरीत तेल लागो न लागो.

कच्चं तेल महागलं की काढणाऱ्याला फायदा आणि शुद्ध करून पंपावर विकणाऱ्याची ओढाताण. तूर पिकवणारा आणि दालमिलवाला, दोघंही भाववाढीनं एकदम खूश होत नसतात. ग्रुपवर या सगळ्यांना एकाच पोत्यात भरून 'तेल कंपन्या' म्हणतात, पहिली चूक तिथंच होते.

बालाघाट
आडतकट्टा यांच्याशी सहमत. पुढचा भाग मी मांडतो.

शोध आणि उत्पादन हाच मुख्य धंदा असलेल्या मोठ्या सूचीबद्ध कंपन्या दोन, ओएनजीसी आणि ऑइल इंडिया. राजस्थानातल्या मंगला तेलक्षेत्रवाली केर्न इंडिया २०१७ साली वेदांतात विलीन झाली. रिलायन्सचा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला केजी-डी६ गट आहे, पण रिलायन्सच्या एकूण पसाऱ्यात तो लहान. बाकी एचओईसी, अँटेलोपस सेलान अशा लहान कंपन्या.

ओएनजीसीचा निकाल आला की दोन कागद येतात, स्वतंत्र (फक्त त्या कंपनीचा) आणि एकत्रित (उपकंपन्या धरून). एकत्रितमध्ये एचपीसीएल मिसळलेली असते (जानेवारी २०१८ मध्ये सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना घेतला), मंगळूरची रिफायनरी एमआरपीएल असते, दहेजचा पेट्रोकेमिकल प्रकल्प ओपाल असतो, परदेशातलं काम बघणारी ओएनजीसी विदेश असते. २०२२-२३ मध्ये कच्चं तेल महाग होतं आणि एचपीसीएल तोट्यात गेली. म्हणजे एका खिशात आलेला पैसा दुसऱ्या खिशातून गेला. तेल काढायचा धंदा कसा चाललाय हे बघायचं तर आधी स्वतंत्र निकाल उघडा. ऑइल इंडियाचंही तसंच, नुमालीगड रिफायनरीत तिचा जवळपास ७० टक्के हिस्सा आहे आणि ती रिफायनरी ३० लाख टनांवरून ९० लाख टनांवर नेण्याचं काम काढलंय. त्या खर्चाचा भार एकत्रित ताळेबंदात दिसतो.

स्वतंत्र निकालात नफ्याच्या आकड्याआधी चार गोष्टी बघायच्या: किती तेल काढलं (दशलक्ष टनांत), किती वायू काढला (अब्ज घनमीटरमध्ये), बॅरलला किती डॉलर मिळाले, वायूला दशलक्ष बीटीयूमागं (बीटीयू हे उष्णतेचं माप, वायू त्यावर विकतात) किती मिळाले. नफा त्यानंतर.

बॅरलचं गणित करून बघा. समजा भाव ६५ डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांना. बॅरलचे ५,५२५ रुपये झाले. नामांकनानं (लिलावाशिवाय, सरकारकडून थेट) मिळालेल्या जुन्या क्षेत्रांवर २० टक्के उपकर आहे (मार्च २०१६ पर्यंत तो टनाला ठरावीक ४,५०० रुपये होता). त्याचे १,१०५ गेले, उरले ४,४२०. रॉयल्टी याहून वेगळी. मग विहिरी चालवायचा खर्च, घसारा, कोरड्या विहिरींचा खर्च आणि प्राप्तिकर. टीव्हीवर ब्रेंट (जगात भावाचं माप म्हणून धरतात ते कच्चं तेल) पाच डॉलरनं वाढल्याचं दाखवतात, त्यातले भागधारकाच्या वाट्याला किती येतात ते या गाळणीतून बघावं लागतं. रुपया घसरला तर मात्र यांना फायदा, कारण भाव डॉलरमध्ये ठरतो.

वायूची गोष्ट आणखी निराळी. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव म्हणजे भारतीय कच्च्या तेलाच्या टोपलीच्या (भारत घेतो त्या कच्च्या तेलांच्या सरासरी भावाच्या) १० टक्के, पण किमान ४ आणि कमाल ६.५ डॉलर. ही कमाल मर्यादा दोन वर्षं तशीच ठेवून पुढं दरवर्षी पाव डॉलरनं वाढवायची असं ठरलं, म्हणून एप्रिल २०२५ पासून ती ६.७५ झाली. टोपली ७० डॉलरला असो की १०० ला, या वायूला त्या वर्षीच्या मर्यादेच्या वर एक पैसा नाही. नव्या विहिरीतून काढलेल्या वायूला १२ टक्के मिळतात, म्हणजे टोपली ७० ला असेल तर ८.४ डॉलर. त्यामुळं एकूण वायूत 'नव्या विहिरीचा वायू' किती टक्के, ही ओळ दर तिमाहीला शोधा. तेलाचं उत्पादन जागेवर असलं तरी या एका ओळीनं नफा हलतो.

पूर्णामाय
बालाघाट सर, ओएनजीसीचा पीई (भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) बहुतेक वेळा एक आकडी दिसतो. मग स्वस्त म्हणायचा का?

बालाघाट
ताई, या धंद्यात पीई उलटा वाचावा लागतो. तेल तेजीत असलं की नफा फुगतो आणि पीई खाली दिसतो, नेमकी तीच वेळ महाग असते. मंदीत नफा आटतो, पीई वर जातो आणि शेअर तेव्हाच स्वस्त असतो. ब्रेंट जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. ११५ च्या नफ्यावर काढलेला पीई ३० च्या दिवशी काय कामाचा?

त्याऐवजी कंपनीच्या साठ्याचं एक बॅरल आपल्याला कितीला पडतंय ते काढा. बाजारमूल्यात कर्ज मिळवा, रोकड वजा करा, हातातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या हिश्श्यांची किंमत वजा करा (ओएनजीसीकडं इंडियन ऑइलचेच सुमारे १४ टक्के आहेत, एचपीसीएल वेगळी). उरलेल्या रकमेला २पी साठ्यानं (निघण्याची शक्यता निम्मी तरी आहे असा साठा) भागा. वायूचं बॅरलमध्ये रूपांतर करताना साधारण सहा हजार घनफूट म्हणजे एक बॅरल धरतात. हा आकडा कंपनीच्या स्वतःच्या मागच्या पाच वर्षांशी ताडा. दुसऱ्या कंपनीशी ताडायचा तर जपून, कारण खोल समुद्रातलं बॅरल आणि आसामच्या जमिनीवरचं बॅरल काढायला सारखा खर्च येत नाही.

सिद्धेश्वर_हिंगोली
गणित छान आहे, पण मालक कोण हे विसरू नका. १ जुलै २०२२ ला सरकारनं देशी कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये जादा कर लावला. टनात सुमारे ७.३ बॅरल धरा, बॅरलमागं ३,१८५ रुपये झाले, तेव्हाच्या दरानं जवळपास ४० डॉलर. त्या एका दिवसात ओएनजीसी सुमारे १३ टक्के पडला. पुढं दर पंधरा दिवसांनी तो दर बदलत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कर रद्द झाला. त्याआधी, २०१५ पर्यंत, पंपावरच्या सवलतीचा बोजा उचलायला ओएनजीसी आणि ऑइल इंडिया स्वस्तात तेल देत होत्या.

म्हणजे तेजीतला मलिदा वरच्यावर काढून घेतला जातो आणि मंदी भागधारकानं सोसायची. सोयाबीन उत्पादकाला वेगळं सांगायला नको, भाव वाढायला लागला की खाद्यतेलाचं आयातशुल्क खाली येतं. माझं मत स्पष्ट आहे, पाच वर्षांच्या पैशाला ही जागा नाही.

बालाघाट
मुद्दा खरा आहे. म्हणूनच १०० डॉलरची स्वप्नं धरून हे शेअर घेऊ नयेत. ६० ते ७५ च्या पट्ट्यात कंपनी किती कमावते हे धरून भाव पटत असेल तरच घ्यावा. त्या पट्ट्यात सरकारचा हात सहसा पोचत नाही. पण 'जागाच नाही' हे मला पटत नाही. भाव नीट बसला तर जोखमीचा मोबदला मिळतो.

आडतकट्टा
डिव्हिडंडबद्दल एक सांगतो. शेतातलं पीक विकून आलेला पैसा आणि शेतातला मुरूम विकून आलेला पैसा, दोन्ही नोटा सारख्याच दिसतात. पीक पुढच्या साली परत येतं, मुरूम येत नाही. तेलाच्या विहिरीतून निघणारं प्रत्येक बॅरल हा मुरूम आहे. कंपनीनं नवे साठे शोधले नाहीत तर तो डिव्हिडंड म्हणजे आपलीच जमीन थोडी थोडी विकून आपल्याला दिलेली आहे. एफडीशी त्याची तुलना मुळात चुकते. एफडीत मुद्दल शाबूत असतं.

नोव्हेंबर २०२४ च्या सूचनेप्रमाणं सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या ४ टक्के, यात जे जास्त असेल तेवढा लाभांश द्यायचा आहे. त्यामुळं डिव्हिडंड येत राहील. पण तेल पडलं की तोही उतरेल, हे धरून चाला.

मन्याड
दुसऱ्या बाजूनं बघतो. शेतकऱ्याचा डिझेलवर खर्च, ट्रॅक्टरचं भाडं, खताचा भाव, सगळं तेलाशी बांधलेलं. तेल महागलं की शेतीत फटका बसतो. तेल काढणाऱ्या कंपनीचे थोडे शेअर जवळ असले तर तो फटका एका बाजूनं भरून निघतो. नोकरदारापेक्षा शेतकऱ्याला हे शेअर जास्त शोभतात.

गोदाकाठ_पैठण
मन्याड भाऊ, ऐकायला बरोबर वाटतं, पण दोरी सैल आहे. पंपावरचा रोजचा बदल एप्रिल २०२२ पासून थांबला. मे २०२२ मध्ये उत्पादनशुल्क कमी झालं म्हणून भाव उतरला, मग कंपन्यांनी भाव उतरवला तो थेट मार्च २०२४ मध्ये, दोन रुपयांनी. मधल्या काळात कच्चं तेल कुठल्या कुठं फिरून आलं. युरियाची गोणी सरकारी भावाला. म्हणजे आपला डिझेलचा खर्च आणि ओएनजीसीचा भाव एकत्र हलत नाहीत. विमा म्हणून घ्यायचे असतील तर हा विमा वेळेवर पैसे देईलच असं नाही.

मन्याड
पटलं. 'बांधलेलं' हा शब्द मागं घेतो. वर्षा-दोन वर्षांच्या मापानं बघायला हवं होतं.

नळदुर्ग
जरा अवांतर. आपल्याकडं मधूनमधून बोअरमधून तेलकट पाणी आलं, वायू पेटला असे व्हिडिओ येतात. मराठवाड्यात तेल असण्याची शक्यता आहे का? आणि अशा बातमीवर कुठला शेअर हलतो का?

काळा_पाषाण
नळदुर्ग, तेल गाळाच्या खडकात तयार होतं आणि गाळाच्या सच्छिद्र खडकात किंवा भेगाळ चुनखडीत साठतं. वर त्याला अडवणारं घट्ट झाकण लागतं. आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर संशोधनासाठी खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि मग थेट जुना स्फटिकी पाया. आठ मीटरच्या थरातून तेलक्षेत्र होत नसतं.

गंमत अशी की गुजरातच्या अंकलेश्वरखालीसुद्धा हाच दख्खनचा पाषाण आहे. पण तिकडं जमीन खचली आणि पाषाणाच्या वर हजारो फूट गाळ साचला, त्या गाळात १९६० साली तेल सापडलं. आपल्याकडं पाषाणच उघडा, वर गाळ साचलाच नाही. पाषाणाखाली गाळ असू शकतो म्हणून देशातल्या २६ गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत 'डेक्कन सिनेक्लाइझ' हे नाव आहे, पण तिथून व्यापारी उत्पादन कुठंही नाही. शिवाय बेसाल्टचे थर भूकंपलहरी विखुरतात, त्यामुळं खालचं चित्र धूसर येतं आणि सर्वेक्षणही महाग पडतं.

बोअरमधला तेलकट तवंग बहुतेक वेळा पंपाच्या तेलाचा किंवा लोहजिवाणूंचा असतो. काडीनं ढवळून बघा. तवंग तुकडे होऊन फुटला तर लोहजिवाणू, परत जुळून आला तर तेल.

मन्याड
पाणाड्याचा नारळ समुद्रात उभा राहत असता तर ओएनजीसीचा सर्वेक्षणाचा खर्चच वाचला असता :)

विंधन
पाणाड्यावरून आठवलं, बोअर मारणाऱ्या आपल्या भागाला ही जोखीम लवकर कळते. तीनशे फूट गेलं, पाणी नाही, गाडीवाल्याचे पैसे तर द्यायचेच. तेलाची विहीर दोन-चार हजार मीटर खोल आणि समुद्रात असेल तर रिगचं भाडं रोजचं लाखो रुपये.

आपल्या बोअरला वरचे वीस-चाळीस फूट केसिंग टाकलं की झालं. तेलाच्या विहिरीला टप्प्याटप्प्यानं आतमध्ये लहान होत जाणारे केसिंग, प्रत्येकाभोवती सिमेंट. आत सतत चिखल फिरवतात. त्या चिखलाचं वजन हीच खरी कसोटी. हलका पडला तर खालचा वायू वर मुसंडी मारतो, जड झाला तर खडक फुटून चिखल आतच गडप होतो आणि तेल देणारा थर बुजतो. आसामात बागजानला ऑइल इंडियाच्या विहिरीवर दुरुस्तीचं काम चालू असताना २७ मे २०२० ला स्फोट होऊन वायू उसळला, ९ जूनला आग लागली आणि विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. या धंद्यात असा एक अपघात वर्षाच्या हिशेबात दिसतो.

जुन्या क्षेत्रांचा आजार वेगळा. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, १९७६ पासून चालू आहे. आतला दाब कमी होतो म्हणून पाणी सोडून तेल ढकलावं लागतं, आणि वर येणाऱ्या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढत जातं. तेवढंच तेल काढायला जास्त पाणी उपसायचं, वेगळं करायचं, परत आत सोडायचं. घसरण थांबवायला जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सहकारी म्हणून घेतलं. नव्या विहिरी खोदून घट भरून काढणं, हेच या कंपनीचं रोजचं काम आहे.

आता हिशेबातली मेख. ओएनजीसी 'सक्सेसफुल एफर्ट्स' पद्धत वापरते. सर्वेक्षणाचा खर्च लगेच नफ्यातून जातो. शोधाची विहीर निकाल लागेपर्यंत 'काम चालू' म्हणून ताळेबंदात बसते, कोरडी ठरली की सगळा खर्च त्या तिमाहीत नफ्यातून वजा. म्हणून एखाद्या तिमाहीत नफा अचानक पडला तर आधी 'कोरड्या विहिरींचा खर्च' ही ओळ बघा. उत्पादन आणि मिळालेला भाव ठीक असेल तर ती घसरण त्या तिमाहीपुरती. उलट, नफा चांगला पण उत्पादन सलग चार तिमाही खाली, तर तो दुखणं झाकलेला नफा.

विहीर बंद करायच्या खर्चाचीही तरतूद असते. उघडी सोडलेली बोअर किती धोक्याची असते हे आपल्याला सांगायला नको. समुद्रातला फलाट काढून नेणं, विहीर सिमेंटनं बुजवणं यासाठी मोठी रक्कम बाजूला ठेवावी लागते. लहान कंपनीत हा आकडा कर्जासारखाच धरा.

मांजराताई
बारक्या कंपन्यांच्या बातम्यांबद्दल मूळ प्रश्न होता, तो मागं पडला. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं जे निवेदन येतं ते वाचा, मेसेज नको. आणि शब्द तपासा.

'हायड्रोकार्बनची चिन्हं आढळली' म्हणजे खोदताना चिखलातून वायूचा अंश आला. याला व्यापारी किंमत शून्य.

'चाचणीत रोज ५०० बॅरल, ३२/६४ इंची चोकवर' असं असेल तर ती चाचणी झाली. चोक म्हणजे तोटी. ६४ व्या भागात मोजतात, ३२/६४ म्हणजे अर्धा इंच. तोटी मोठी केली की आकडा मोठा दिसतो. म्हणून चोक किती, चाचणी किती तास चालली, विहिरीच्या तोंडाशी दाब किती आणि तो टिकला की उतरत गेला, हे चार आकडे एकत्र नसतील तर ५०० वर विश्वास ठेवू नका. सोबत पाणी किती आलं तेही बघा.

यानंतर व्यापारी शोधाची घोषणा, मग विकास आराखडा, त्याला हायड्रोकार्बन महासंचालनालय आणि क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीची मंजुरी, मग विहिरी, पाइपलाइन, प्रक्रिया केंद्र. ओएनजीसीसारख्या कंपनीचा कृष्णा-गोदावरीतला ९८/२ प्रकल्प घ्या. गुंतवणुकीला २०१६ ला मंजुरी, पहिलं तेल जानेवारी २०२४ ला. मोठ्या कंपनीला एवढी वर्षं लागतात, तर बारकीचं उत्पादन पुढच्या तिमाहीत कसं येईल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या क्षेत्रात कंपनीचा हिस्सा किती. २० टक्के असेल तर ५०० पैकी १०० बॅरल तिचे, त्यातूनही करारानुसार सरकारचा वाटा जातो.

पैसे कुठून आणणार तेही बघा. रोकड नसेल तर नवे शेअर काढतील आणि तुमचा हिस्सा पातळ होईल. असे शेअर बऱ्याचदा वरच्या सर्किटला (एका दिवसात भाव हलायच्या मर्यादेला) अडकतात, घेता येतात तेव्हा विकणारा सुटलेला असतो. खालच्या सर्किटला विकताच येत नाही.

पूर्णामाय
मांजराताई, हे जपून ठेवते. आता साठ्यांचं कुणीतरी सांगा. १पी, २पी, ३पी म्हणजे काय? आणि 'साठा भरपाई गुणोत्तर' (वर्षात वाढलेला साठा भागिले काढलेलं तेल-वायू) एकाहून जास्त असलं की कंपनी चांगली, असं वाचलं होतं.

विंधन
१पी म्हणजे तेवढं किंवा त्याहून जास्त निघण्याची शक्यता किमान ९० टक्के, २पी म्हणजे ५० टक्के, ३पी म्हणजे १० टक्के. व्यवहारात २पी धरतात. २पी भागिले वर्षाचं उत्पादन म्हणजे साठा किती वर्षं पुरेल. सादरीकरणात 'प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्स' असा मोठा आकडा दिसला तर तो साठा नव्हे, अजून न खोदलेल्या जागेचा अंदाज. त्याला भावात धरू नका.

भरपाई गुणोत्तराबद्दल मात्र सावध. ओएनजीसी वर्षानुवर्षं एकाहून जास्त गुणोत्तर दाखवते आणि तरी गेल्या दशकात तिचं तेलाचं उत्पादन खाली आलं. कागदावर साठा वाढणं वेगळं, तो परवडेल अशा वेगानं वर येणं वेगळं. केजी-डी६ चं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. आराखडा रोज ८ कोटी घनमीटरचा होता, २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या आसपास पोचलं आणि मग विहिरींत पाणी आणि वाळू शिरून कोसळलं. साठ्याचा अंदाज मूळच्या साधारण एक तृतीयांशावर आला. डी१-डी३ क्षेत्र फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झालं. पुढं त्याच गटात नव्या क्षेत्रांतून उत्पादन परत वाढलं, पण त्यासाठी खोल समुद्रात नव्यानं पैसा ओतावा लागला.

सिद्धेश्वर_हिंगोली
परदेशातल्या साठ्यांनाही पूर्ण किंमत देऊ नका. रशियातल्या साखालिन-१ तेलप्रकल्पात ओएनजीसी विदेशचा २० टक्के हिस्सा आहे. युक्रेन युद्धानंतर रशियातल्या लाभांशाचा पैसा तिथल्याच बँकेत अडकून राहिला. मोझांबिकचा वायू प्रकल्प २०२१ च्या हल्ल्यानंतर काही वर्षं थांबून राहिला. साठा कागदावर आहे, पैसा हातात नाही.

नळदुर्ग
मग शेअरपेक्षा थेट एमसीएक्सवर (वस्तूंच्या वायदेबाजारात) क्रूड घेतलं तर? कंपनीची भानगडच नको.

आडतकट्टा
नळदुर्ग, अजिबात नको. मोठा लॉट १०० बॅरलचा, भाव एक रुपया हलला की शंभर रुपये. दर महिन्याला करार संपतो, पुढच्यात सरकवायचा खर्च वेगळा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत भाव उणे ३७.६३ डॉलर झाला आणि आपल्याकडचा करार बॅरलला उणे २,८८४ रुपयांवर मिटवला गेला. एक हजाराला घेतलेल्याचं एका लॉटमागं ३ लाख ८८ हजारांचं नुकसान. शेअर शून्याच्या खाली जात नाही. सोयाबीनच्या पैशाचा या खेळाशी संबंध नको.

तेरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मला कळलेलं असं: निवड ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या दोघांतच, बारक्या कंपन्या सोडून द्यायच्या. दोन लाखांतले सगळे नाही, पन्नास हजारच यात. वहीत दर तिमाहीला सहा रकाने: तेल, वायू, बॅरलचा मिळालेला भाव, नव्या विहिरीच्या वायूचा टक्का, कोरड्या विहिरींचा खर्च, कर्ज. पन्नास हजार एकदम लावू की हप्त्यानं? आणि कराचं काय?

बालाघाट
तारखेच्या हप्त्यापेक्षा तेलाच्या भावाचे हप्ते करा. दहा-दहा हजारांचे पाच भाग. आत्ता एक. ब्रेंट तिथून दर दहा टक्के उतरलं की एक, पण वहीतले तेल-वायूचे रकाने ढासळलेले नसतील तरच. ब्रेंट ९० च्या वर गेलं की खरेदी बंद. वायूच्या भावाची सूचना पीपीएसी ही पेट्रोलियम मंत्रालयाची शाखा दर महिन्याच्या अखेरीस काढते, तीही बघत चला.

आणि बोनसचा गोंधळ करून घेऊ नका. ऑइल इंडियानं २०२४ मध्ये दोनास एक बोनस (दोन शेअरमागं एक फुकट) दिला तेव्हा भाव त्या प्रमाणात उतरला. जुन्या भावाशी तुलना करून 'एक तृतीयांश पडला, स्वस्त झाला' म्हणत मेसेज फिरले होते.

मांजराताई
कर असा: बारा महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के. त्यानंतर विकले तर वर्षाच्या सव्वा लाखांपर्यंतच्या नफ्यावर काही नाही, वरच्यावर १२.५ टक्के. डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांच्या वर आला तर १० टक्के कापून येतो, तो विवरणपत्रात वळता होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हे उत्पन्न त्यात मिसळून दाखवू नका, वेगळं दाखवा.

पूर्णामाय
डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकले तर?

मांजराताई
हाती काही लागत नाही ताई. भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो, वर डिव्हिडंडवर कर. मुळात घ्यायचेच असतील तर रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी नावावर शेअर असणाऱ्याला डिव्हिडंड मिळतो) आदल्या कामकाजाच्या दिवशी घेतलेले चालतात. रेकॉर्ड डेट गुरुवारी असेल तर बुधवारी, आणि बुधवारी बाजार बंद असेल तर मंगळवारी.